आधी खोली, मग लग्न

फ्लोरिडाहून आले म्हटलं की लोक पहिल्यांदा डिस्नेचं विचारतात. डिस्ने मी पाहिलं नाही. एक अख्खी सकाळ पुलाखाली पाण्यात पालथी पडून दोन इंचांचा मासा बघितला. हे सांगितलं की पुढचा प्रश्न येत नाही.

पूल म्हणजे रिव्हिएरा बीचचा ब्लू हेरॉन ब्रिज, मायामीपासून उत्तरेला गाडीने साधारण दीड तास. खालीच फिल फॉस्टर पार्क. बोट लागत नाही, चालतच पाण्यात उतरायचं, आणि फार आत गेलात तरी पाणी वीसेक फुटांचंच. अट एकच, भरती साधायची. भरती पूर्ण व्हायच्या तासभर आधीपासून तासभर नंतरपर्यंत समुद्राचं नितळ पाणी आत भरलेलं असतं आणि ओढ मंदावलेली असते. ओहोटी लागली की पाणी गढूळ, आणि पुलाखालून माणूस वाहत जाईल अशी ओढ. आमची वीस मिनिटं गाडी लावायला जागा शोधण्यातच गेली.

भाची तिथे नेहमी डुबक्या मारते. उतरायच्या आधी म्हणाली, "मावशी, तू काही शोधू नकोस. मी दाखवेन तिथे पड आणि हलू नकोस." तारकर्लीला स्कूबा शिकले तेव्हाही मला हेच ऐकावं लागलं होतं.

तिने दाखवलं ते वाळूतल्या दगडाचं बोटभर रुंदीचं भोक. आत अंधार. मग त्या अंधाराला दोन डोळे फुटले. एक डोळा माझ्याकडे, दुसरा भलतीकडेच. डोळ्यांवर झिपऱ्यांसारखे बारीक तुरे. मी श्वास जपून सोडत राहिले. पाचेक मिनिटांनी तो काळाभोर नर बिळातून जवळजवळ सगळा बाहेर उसळला, पाठीवरचं भलंमोठं शीड फडाफडा उघडलं-मिटलं आणि पुन्हा आत. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. शीड त्याच्या अंगापेक्षा उंच वाटत होतं.

मला आठवली निवटी. आमच्या खाडीच्या चिखलात तीही बिळाशी अशीच पाठीवरचा पर उभारून उड्या मारते. लहानपणी आम्ही तिला कालवणाच्या नजरेने बघायचो, तिचं लग्न जुळवणं चाललंय हे कुणाच्या गावी!

हा सेलफिन ब्लेनी. याच्या कुळातले मासे स्वतः घर खोदत नाहीत. किड्याने सोडलेली नळी, शिंपल्याने दगडात पाडलेलं भोक, खडकाला चिकटून राहणाऱ्या बार्नेकल नावाच्या जीवाचं रिकामं कवच, जे मिळेल त्यात शेपटीकडून मागे सरकत शिरायचं आणि तोंड दारात ठेवायचं. समोरून वाहत जाणारे बारीक कवचधारी जीव तिथल्या तिथे टिपायचे. त्यामुळे सगळा मामला जागेचा. बिळं मोजकी, गिऱ्हाइकं जास्त, मोठा नर लहानाला सरळ हुसकावतो. मादी अंडी घालते ती नराच्या बिळात, आणि निघून जाते. पिल्लं बाहेर पडेपर्यंत राखण बापाची. मुंबईत खोली नसलेल्या मुलाला मुलगी देत नाहीत म्हणून आपण कुरकुरतो, इथे तर बाळंतपणसुद्धा नवऱ्याच्याच खोलीत.

नावाची गंमत वेगळीच. शास्त्रीय नाव एम्ब्लेमारिया पँडिऑनिस, एव्हरमन आणि मार्श यांनी १९०० साली दिलेलं. पँडिऑन म्हणजे ऑस्प्रे, हिवाळ्यात आपल्या खाड्यांवरही येणारा मासेखाऊ शिकारी पक्षी. दोन इंचांच्या माशाला शिकाऱ्याचं नाव? तर पोर्तो रिकोच्या पाहणीवर गेलेल्या अमेरिकन सरकारी जहाजाचं नाव होतं 'फिश हॉक', आणि ते ऑस्प्रेचंच दुसरं नाव.

चाळीस मिनिटांत मादी काही फिरकली नाही. गडी थकला नाही, माझीच मान धरली. मग वाळूचे कण एका बाजूला सरकायला लागले, खाली माणसं आहेत हे बोटींना कळावं म्हणून वर तरंगत ठेवलेल्या लाल-पांढऱ्या बावट्याची दोरी ताणली, आणि भाचीने अंगठा वर केला. चला.

शॉवरखाली खारं पाणी धूत तिने व्हिडिओ लावला. अर्ध्याहून जास्त माझे बुडबुडेच. मग तिने एके ठिकाणी थांबवून चित्र मोठं केलं. मी कोपर टेकलं होतं तिथून वीतभर अंतरावर दुसरं भोक, आणि त्यातून एक तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचं डोकं सगळा वेळ त्या नराकडे बघत होतं.