ब्रिसलनोजची पिल्लं आणि टँकरचं पाणी

"ब्रिसलनोज ना? तो तर काही न करता पिल्लं देतो." मासे पाळणाऱ्या कुणालाही विचारा, हेच ऐकायला मिळतं. पिल्लं देतो हे खरं आहे. ती जगवायची कशी हे मात्र कुणी सांगत नाही, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. म्हणून हे लिहितेय.

आधी मासा कुठला ते स्पष्ट करते. दुकानात "सकर" किंवा "टँक क्लीनर" म्हणून जो स्वस्तात मिळतो तो हा नव्हे. तो फूटभराच्याही पुढे वाढतो आणि घरच्या टाकीत कधीच मावत नाही. ब्रिसलनोज, म्हणजे ॲन्सिस्ट्रस, बारा-तेरा सेंटीमीटरवर थांबतो. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला. वयात आलेल्या नराच्या थोबाडावर फाटे फुटलेल्या जाड मिशा येतात. मादीला त्या नसतात, असल्या तरी ओठाच्या कडेने बारीकशा. वर्षाच्या आतबाहेर मासे वयात येतात. एक नर, दोन माद्या, तीन फुटी टाकी, एक मोठं ड्रिफ्टवुड (टाकीत ठेवायचं लाकडाचं ओंडकं) आणि स्पंज फिल्टर, एवढ्यावर भागतं. ड्रिफ्टवुड शोभेसाठी नाही, हे मासे ते सतत खरवडत असतात, त्यामुळे ते हवंच.

नराला गुहा लागते. तो त्यात जेमतेम मावला पाहिजे. ऐसपैस गुहेत मादीला अडवून धरता येत नाही आणि अंड्यांना वारा घालणंही नीट जमत नाही. चार-पाच सेंटीमीटर रुंद, बारा-पंधरा लांब, एक तोंड बंद. पीव्हीसी पाइपला टोपण लावून चालतं, बांबूचं पेर चालतं. मी गावच्या जुन्या घराची उतरवलेली नळीची कौलं वापरली. दोन कौलं तोंडाला तोंड लावून बांधली, मागची बाजू सपाट दगडाने बंद केली. माझ्या नराने विकतच्या गुहेकडे ढुंकूनही न पाहता कौलं निवडली, याचा मला फार आनंद आहे.

पुढचं सगळं आपसूक झालं. पावसाळ्याच्या तोंडावर टाकीतलं निम्मं पाणी काढून दोन-तीन अंश थंड पाणी भरलं. त्यांच्या नद्यांना पूर आला की हे मासे विणीला लागतात, आणि आपला जून त्यांना तेवढ्याने पटतो. थोड्याच दिवसांत कौलात नारिंगी अंड्यांचा घोस दिसला. नर शेपूट बाहेर काढून पंख हलवत बसला होता. त्या काळात तो खायलाही फारसा बाहेर येत नाही. सारखा टॉर्च मारू नका, कोवळा नर बिथरला तर घोस बाहेर ढकलतो. तसं झालंच तर अंडी जाळीत ठेवून खाली एअरस्टोन, म्हणजे हवेचे बुडबुडे सोडणारा दगड, सोडायचा, म्हणजे ती हलती राहतात. साधारण आठवड्याभरात अंडी फुटतात. त्यानंतरचे काही दिवस पिल्लं पोटाला लटकलेल्या पिवळ्या पिशवीवर जगतात, तोवर त्यांना काहीही घालायचं नाही. पिशवी संपली की ती गुहेतून बाहेर पडून काचेला चिकटतात.

माझं घोडं अडलं ते इथे.

काचेवर चिकटलेली इतकी पिल्लं पाहून वाटतं, झालं आता. मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून ती मरायला लागतात. एका सकाळी चार-पाच, मग दोन दिवस काहीच नाही, मग पुन्हा एकदम दहा. बॅचमागून बॅच हेच चाललं होतं. विचारावं तर प्रत्येकाकडे वेगळी बाटली. एकाने मिथिलीन ब्लू दिलं, दुसऱ्याने मीठ टाकायला सांगितलं, तिसऱ्याने तापमान वाढवायला. पिल्लं कधी मरतात, नेमकी कशी दिसतात, हे कुणी विचारलंच नाही. औषध विकायचं आणि मोकळं व्हायचं.

शेवटी मी बघायला लागले. काचेला चिकटलेलं पिल्लू खालून पूर्ण दिसतं, आणि त्याचं पोट सगळं सांगतं. पोट गोल, आत हिरवट किंवा तपकिरी गाठोडं दिसतंय, तर ते खातंय. पोट आत ओढलेलं, डोकं मोठं आणि शरीर बारीक, तर ते उपाशी आहे. उपाशी पिल्लू दिसलं की जेवण वाढवा. या पिल्लांना दिवसातून दोनदा खाऊ घालून भागत नाही, तोंडाशी चोवीस तास काहीतरी हवं. पण माझी मेलेली पिल्लं भरल्या पोटाची होती. म्हणजे भूक नव्हे, पाणी.

मग तारखा लिहायला सुरुवात केली. मरण्याचे दिवस आणि पाणी बदलण्याचे दिवस शेजारी मांडले. पाणी बदललं की दुसऱ्या सकाळी पिल्लं मेलेली. बदललं नाही त्या दिवसांत काही नाही. मोठे मासे तेवढ्यापुरते जोरजोरात कल्ले हलवायचे आणि सावरायचे. पिल्लांना ती ताकद नसते.

आमच्या सोसायटीत वर्षातले बरेच महिने टँकरचं पाणी येतं. विहिरीचं, बोअरचं की आणखी कुठलं, हे टँकरवाल्यालाच ठाऊक. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर लावून पाहिलं तर एका टँकरचं पाणी दोनशेच्या आसपास आणि पुढच्याचं जवळजवळ हजार. मग गावाकडे ग्रामपंचायतीचे पाणीवाले करतात ती ओटी टेस्ट केली. पाण्यात थेंब टाकायचे, पिवळं झालं की क्लोरीन आहे. एखाद्या टँकरच्या पाण्याला रंगच यायचा नाही आणि एखाद्याचं पाणी गडद पिवळं. म्हणजे टीसीएल, पाणी शुद्ध करायची ती ब्लीचिंग पावडर, मोजून नाही, हाताला येईल तशी टाकलेली.

टँकरवाल्याला फोन केला. "ताई, पाणी चांगलंच आहे, आख्खी बिल्डिंग पितेय." पावडर किती टाकता, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. सेक्रेटरींना सांगितलं तर ते म्हणाले, "माणसांना चालतंय तर माशांना काय होतंय?" पिण्याच्या पाण्यात लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा असं आपलं मानक आहे, आणि माणसासाठी ते योग्यच आहे. पण माणूस पाणी पितो, माशाच्या कल्ल्यांवरून ते प्रत्येक श्वासाला वाहतं. 0.2 हा आकडा सेंटीमीटरभराच्या पिल्लासाठी फार मोठा आहे. हे मी सेक्रेटरींना नीट समजावून सांगितलं. पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेतो म्हणाले. तो विषय अजून निघालेला नाही. टँकर कधी येणार हे कळवायची साधी विनंतीही कुणी मान्य केली नाही. पाण्यासाठी सगळी बिल्डिंग पैसे मोजते, तरी आज नळाला काय येतंय हे विचारलं की विचारणाराच विचित्र ठरतो. मला याची आजही चीड येते.

तेव्हा मार्ग मलाच काढावा लागला. बाल्कनीत दोनशे लिटरचं पिंप ठेवलं. नळाचं पाणी थेट टाकीत जाणं त्या दिवसापासून बंद. पाणी पिंपात भरायचं, ओटी टेस्ट करायची, पिवळं आलं तर हायपो घालायचा. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे, ॲक्वेरियमच्या दुकानात सुटे मिळतात. एक मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण सात मिलिग्रॅम हायपो लागतो. म्हणजे शंभर लिटरमध्ये लिटरला दोन मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर सुमारे दीड ग्रॅम. मग चोवीस तास एअरस्टोन, आणि पुन्हा टेस्ट. पिंप पूर्ण रिकामं कधीच करायचं नाही. निम्मं जुनं पाणी राहू द्यायचं आणि त्यावर नवं घ्यायचं, त्यामुळे टीडीएसची उडी अर्ध्यावर येते.

दुसरा बदल जागेचा. पिल्लं वेगळ्या छोट्या डब्यात वाढवायची, हा सल्ला सगळे देतात. पण दहा लिटरच्या डब्यात निम्मं पाणी बदललं की पिल्लांसाठी सगळं जगच बदलतं, आणि बदललं नाही तर उरलेल्या भाजीने अमोनिया चढतो. दोन्हीकडून मार. त्यामुळे मी पिल्लं ब्रीडिंग नेटमध्ये, म्हणजे टाकीत लटकवायच्या जाळीच्या पेटीत, घालून ते आईबापांच्याच मोठ्या टाकीत लटकवलं. तिथे जुनं, मुरलेलं पाणी असतं, आणि रोज बादलीभर बदललं तरी ते बाकीच्यात विरून जातं. नेटच्या कोपऱ्यात एअरस्टोन हवाच, पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. नवं पाणी सोडायला मेडिकलमधून सलाईनची नळी आणली. तिचं चाक फिरवून थेंब थेंब पाणी सोडता येतं. पिंप उंचावर ठेवलं की रात्रभरात काम होतं आणि पिल्लांना पत्ताही लागत नाही.

त्यानंतरची बॅच जवळजवळ सगळी जगली. रोज सकाळी नेट तपासताना माझा जीव वर-खाली व्हायचा, आणि महिना उलटल्यावर काचेवर भरल्या पोटांची रांग पाहून मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली.

खाण्याचं सांगायचं राहिलं. परदेशी लोक झुकिनी घालतात, आपल्याकडे दोडका त्याहून बरा. दुधी, काकडी, पालक, सोललेला मटारही चालतो. दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात काढून, चमच्यात खोचून बुडवायचं. रात्री घातलेलं सकाळी काढलंच पाहिजे, मग ते अर्धं उरलेलं असो. ड्रिफ्टवुडचा छोटा तुकडा आणि बदामाचं वाळलेलं पान नेटमध्ये कायम ठेवायचं, त्यावर जी बुळबुळीत साय धरते ती पिल्लं दिवसभर चाटतात. आठवड्यातून दोनदा स्पिरुलिनाची (शेवाळाची) गोळी, कधी ब्राइन श्रिंप, म्हणजे बारीक कोळंबीसारखे जीव.

मला आता लोक विचारतात, याच पद्धतीने झेब्रा प्लेको, म्हणजे ब्रिसलनोजचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा भाऊबंद, होईल का? तोही गुहेतच अंडी देतो, पण अंडी मोजकी, पाणी 28 ते 30 अंश, आणि त्याला भाजीपेक्षा मांसाहार जास्त लागतो. ब्राझीलच्या झिंगू नदीखेरीज तो कुठेच सापडत नाही, आणि बेलो मोन्ते धरणाने त्याच नदीचं पाणी वळवलंय. ब्राझीलमधून त्याची निर्यात बंद आहे. म्हणून घरी झेब्रा वाढवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण आधी ब्रिसलनोजची एक बॅच पूर्ण वाढवा, मग त्याच्या वाटेला जा.

पिल्लं तीन सेंटीमीटरची झाली की द्यायला हरकत नाही. जास्त झाली म्हणून तलावात किंवा नदीत मात्र एकही सोडू नका. टाक्यांमधून बाहेर गेलेल्या मोठ्या सकरने उजनीच्या जलाशयात मच्छीमारांची जाळी फाडून ठेवली आहेत. घेणारा मिळेपर्यंत पिल्लं टाकीतच ठेवा, आणि माद्या वेगळ्या करून पुढची वीण थांबवा. नेताना जाळीने पकडू नका, गालावरचे काटे जाळीत अडकतात आणि सोडवताना मासा जखमी होतो. प्लॅस्टिकच्या ग्लासात हाकून घ्या, पिशवी दुहेरी करा, आणि घेणाऱ्याला पाणी कुठून येतं ते आधी विचारा. टँकरचं म्हणाला तर ओटीचं किट घेतल्याशिवाय पिल्लं देऊ नका.