डोळ्याच्या पडद्याची सूज आणि ‘२४ तास ॲडमिट नाही’

‘पेशंट २४ तास ॲडमिट नाही, म्हणून क्लेम नामंजूर.’ हे वाक्य गेल्या उन्हाळ्यात इतक्या वेळा ऐकलं की अजून आठवलं तरी डोकं तापतं.

आंब्याचा हंगाम ऐन भरात होता. देवगडला घरी पेट्यांचा हिशेब लिहिताना वहीच्या रेघा मधोमध खाली झुकलेल्या दिसायला लागल्या. चष्मा बदलला, काही फरक नाही. एकदा घाम पुसताना उजवा डोळा झाकला गेला, तर डाव्याला पेटीवरचा आकडा मध्येच पुसल्यासारखा दिसला. कडेचं सगळं स्वच्छ, बघायचं तेवढंच गायब.

फोंडाघाट चढून कोल्हापूर गाठलं. ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा स्कॅन, काढला. पडद्याची मधली जाडी ४७८ मायक्रॉन निघाली. असायला हवी साधारण अडीचशेच्या आसपास. चौदा वर्षांच्या डायबेटिसने पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरत होत्या आणि ज्या बिंदूने आपण वाचतो, नेमकं तिथेच पाणी साचलं होतं. त्याला चष्मा काय करणार? पाझर कमी करणारं इंजेक्शन थेट डोळ्यात, सुरुवातीला दर महिन्याला, असं ठरलं.

आणि इथे विमा कंपनीने अडवलं. इंजेक्शन घेऊन त्याच दिवशी घरी सोडतात, मग २४ तास ॲडमिट कशी होणार? फोन केला की दर वेळी नवा माणूस, तेच वाक्य. एजंट म्हणाला, “ताई, सोडून द्या.” पहिले दोन डोस आंब्याच्या पैशांतून भरले, कारण डोळा कंपनीच्या उत्तराची वाट बघत थांबत नाही. मग मुलीला घेऊन बसले आणि पॉलिसीची जाड इंग्रजी पुस्तिका पानापानाने वाचून घेतली. ‘आधुनिक उपचार’ या यादीत डोळ्यातलं इंजेक्शन सरळ छापलेलं होतं! विमा नियामकाने २०१९ सालीच ही यादी ठरवून दिली आहे. कंपनी रकमेला मर्यादा घालू शकते, पण उपचारच नाकारू शकत नाही. त्या पानाची झेरॉक्स, डॉक्टरांचं पत्र, ओसीटीचे रिपोर्ट जोडून तक्रार विभागाला लेखी पाठवलं. महिन्यात उत्तर आलं नाही तर विमा लोकपालांकडे, म्हणजे कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाईन, असंही लिहिलं. सव्विसाव्या दिवशी पैसे जमा झाले. मर्यादेपुरतेच, पण झाले. तेव्हा फोनवर बोलू नका, लिहून द्या आणि पोच घ्या.

इंजेक्शनची भीती मात्र धरू नका. बधिर करायचे थेंब घालतात, त्यामुळे फक्त जरासा दाब जाणवतो; त्याआधीचं तपकिरी औषध जास्त चुरचुरतं. पुढे डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका, चोळू नका. दुखणं किंवा लाली वाढली, दिसणं कमी झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

हो, तपासणीला जाताना सोबत कुणीतरी न्या. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी चार-पाच तास धूसर दिसतं, घाटातून गाडी चालवायची नाही. आणि डायबेटिस असेल तर नीट दिसत असलं तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या. मी चौदा वर्षांत एकदाही गेले नव्हते, त्याची हळहळ आहे. साखर आटोक्यात नसेल तर नुसत्या इंजेक्शनांवर भागत नाही, हेही डॉक्टरांनी बजावलं.

तिसऱ्या डोसनंतर जाडी ३१२ वर आली. एक डोळा झाकून रोज वही बघते. रेघा जवळपास सरळ झाल्यात, मधली एक अजून थोडी झुकते. चौथा डोस पुढच्या गुरुवारी आहे.