मात्सुमोतोचा किल्ला सोपा, फॉर्म अवघड

आधीच सांगतो, जपानमध्ये किल्ला बघायला गेलात तर स्थानिक गाइड घ्याच. पुढे मी बराच करवादणार आहे, ते वाचून गाइडचा नाद सोडू नका. माझं भांडण गाइडशी नाही, तो ठरवायच्या ऑनलाइन फॉर्मशी आहे.

सह्याद्रीतले गड पाहिलेल्या माणसाला काँक्रीटचा किल्ला पचत नाही. ओसाका किल्ल्याचा आज दिसणारा मनोरा १९३१ सालचा, काँक्रीटचा. जुन्या काळातले मूळ मनोरे साऱ्या जपानात बाराच उरलेत. त्यातला नागानो प्रांतातला मात्सुमोतो मी निवडला. काळा, लाकडी आणि चक्क भुईकोट. विमान, व्हिसा, हॉटेल सगळं सुरळीत पार पडलं. मग एका बुकिंगच्या संकेतस्थळावर इंग्रजी बोलणारा गाइड शोधला आणि तिथे गाडी अडली.

पान वरवर इंग्रजीत होतं, पण नाव लिहून झाल्यावर खालच्या रकान्यात तेच नाव जपानी काताकाना लिपीत हवं होतं. टोकियोतल्या निशिकासाईत राहणाऱ्या भाचीने ते व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवलं, मी चिकटवलं. लाल अक्षरं आली. अक्षरं ‘पूर्ण रुंदीची’ हवीत म्हणे! काताकानाची एक अर्ध्या रुंदीची जातही असते, हे ज्ञान मला साठीनंतर झालं. ते निस्तरलं तर फोन नंबरच्या रकान्यात नेमकं उलटं, तिथे आकडे अर्ध्या रुंदीचेच हवेत. आणि अधिकचं चिन्ह चालत नाही, त्यामुळे भारताचा नंबर नीट लिहायची सोयच नाही.

त्यानंतर पिनकोड. जपानचा सात आकडी, आपला सहा. पुढे शून्य लावून पाहिलं, मागे लावून पाहिलं. एकदा तर त्या सात आकड्यांवरून फॉर्मने आपणहून पत्ता भरून टाकला आणि मी कोथरूडचा रहिवासी होक्काइदोतल्या कुठल्याशा गावचा झालो. तो पत्ता खोडायला मागे जाण्याचं बटण दाबलं, तर पान कालबाह्य, भरलेलं सगळं साफ. चौकशीचा ई-मेल धाडला. उत्तर अतिशय नम्र आलं. गैरसोयीबद्दल क्षमा मागितली होती आणि कृपया फॉर्म भरावा असं लिहिलं होतं. बायको म्हणाली, ‘अहो, तिकडे आत्ता मध्यरात्र उलटून गेली, निदान भाचीला तरी झोपू द्या.’ जपान साडेतीन तास पुढे, हे मी विसरलो नव्हतो. पण आता प्रश्न इज्जतीचा होता.

सकाळी सुचलं ते असं, आणि अडलेल्यांनी तेच करावं. पत्ता, पिनकोड आणि फोन, तिन्ही ठिकाणी जपानमधल्या आपल्या हॉटेलचा तपशील घाला. त्याआधी हॉटेलला तसं कळवा. आमच्या हॉटेलने लगेच होकार दिला. सगळा मजकूर आधी वहीत किंवा मोबाइलच्या नोंदीत लिहून ठेवा, म्हणजे पान उडालं तरी रक्तदाब वाढत नाही. मंजुरीचा ई-मेल आला तेव्हा राजगडाचा बालेकिल्ला चढल्यावर झाला नव्हता एवढा आनंद झाला.

आता खरी मळमळ. किल्ल्यापाशी पोचलो तर तिथे इंग्रजी बोलणारे स्वयंसेवक गाइड उभेच होते. जो आधी येईल त्याला, तेही फुकट! संकेतस्थळावर याबद्दल अवाक्षर नाही. कसं असेल म्हणा, त्यांचा धंदा आहे. स्वयंसेवक रोज मिळतीलच असं नाही, पण सकाळी लवकर जाऊन आधी तिथे विचारा.

आमच्या गाइडबाई मात्र पैसे वसूल करणाऱ्या निघाल्या. मनोरा बाहेरून पाच मजली दिसतो, आत सहा मजले आहेत. तिसऱ्याला खिडकीच नाही, तो बाहेरून कळतच नाही. एकट्याने गेलो असतो तर त्या अंधारातून सरळ वर निघून गेलो असतो. भिंतीतल्या जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं, त्यांनी हात घालून दाखवल्या: उभ्या, अरुंद त्या बाणांसाठी, चौकोनी त्या बंदुकांसाठी. मुख्य मनोरा १५९० च्या दशकातला, लढाईच्या धामधुमीत बांधलेला. त्याला चिकटून चंद्रदर्शनाचा सज्जा आहे, त्याला जंगी औषधालाही नाही. तीन बाजू उघड्या, बाहेरून लाल कठडा. तो १६३० च्या दशकातला, शोगुन, म्हणजे तेव्हाचा जपानचा लष्करी सत्ताधीश, इएमित्सु येणार म्हणून बांधलेला. शोगुन आलाच नाही.

१८७२ मध्ये हा मनोरा पाडण्यासाठी लिलावात विकला गेला होता. इचिकावा र्‍योझो या स्थानिक माणसाने मनोऱ्यातच प्रदर्शनं भरवून पैसा उभा केला आणि तो परत मिळवला. पुढे तो कलला, तेव्हा कोबायाशी उनारी या मुख्याध्यापकांनी पुढाकार घेऊन दुरुस्ती करवली, ती १९१३ पर्यंत चालली. हे सांगताना बाईंचा आवाज असा चढला, जणू काल-परवाचीच गोष्ट. आपल्याकडच्या ढासळत्या बुरुजांची आठवण येऊन मी गप्प बसलो.

जिने मात्र जपून. सर्वांत उभा जिना ६१ अंशांचा, पायरी जवळजवळ गुडघ्याला येते. त्यात बूट काढून पिशवीत घालून हातात धरायचे आणि मोजे गुळगुळीत लाकडावर घसरतात. एक हात मोकळा राहील अशी पाठीवरची सॅक न्या. उतरताना शिडीसारखं तोंड जिन्याकडे करा. बाईंनी आम्हाला तसंच उतरवलं. गर्दीच्या दिवसांत या जिन्यांवरच रांग तुंबते, म्हणून साडेआठला दार उघडताच आत शिरा.

आणि हो, टोकियोतल्या शिंजुकूहून येणाऱ्या अझुसा गाडीत सगळ्या जागा आरक्षित असतात. ते तिकीट मी स्टेशनवरच्या यंत्रावर काढलं. त्याने पिनकोड विचारला नाही.