गोष्टीत उपाशी कोण?

(माजी विद्यार्थी, १९७६ ची दहावीची तुकडी)

शतकोत्तर रौप्यमहोत्सवाची स्मरणिका निघतेय, शाळेबद्दल काहीतरी लिहून पाठवा, असं पत्र आलं. दारातच उभ्याने वाचलं. पाकिटावर शाळेचा शिक्का तोच आहे, जुना. दोन दिवस कागद पुढे घेऊन बसलो, पण शाळा म्हणून जे लिहायला घ्यावं ते फिरून बाईंवरच येतं. बोर्डिंगची घंटा लिहायला घेतली की घंटेनंतरच्या उपासनेला पेटीवर बसलेल्या बाई येतात. चिंचेचा पार लिहायला घेतला की तिथे वह्या तपासत बसलेल्या बाई येतात. तेव्हा बाईंबद्दलच लिहितो. नाव लिहीत नाही. आपल्या वेळच्या कुणालाही नुसतं 'बाई' म्हटलं की पुरे आहे.

बाई केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंच्या आश्रमात वाढलेल्या. आईवडील आठवत नाहीत, असं त्या अगदी सहज सांगायच्या. बायबलच्या तासाला त्यांच्या टेबलावर दोन शास्त्रं, म्हणजे बायबलं असायची. एक आपल्या सगळ्यांकडे होतं तेच, आणि दुसरं खाकी कागदाचं कव्हर घातलेलं, पंडिता रमाबाईंच्या भाषांतराचं. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मुळातून भाषांतर केलं, आणि ते करताना खेड्यातल्या बाईला कळेल अशी सोपी मराठी वापरायचा हट्ट धरला. १९२२ साली त्या गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं ते १९२४ साली, आणि ते मुक्तीतल्या बायकांनीच तिथल्या छापखान्यात छापलं. हे सांगताना बाईंचा आवाज बदलायचा. एखादं वचन आम्हांला कळलं नाही की त्या ते खाकी पुस्तक उघडायच्या आणि म्हणायच्या, "आता बघू, आमच्या रमाबाईंनी हे तुमच्या आईला कसं सांगितलंय."

त्यांची एक खोड होती. गोष्ट वाचून झाली की तात्पर्य विचारायच्या नाहीत. विचारायच्या, "या गोष्टीत उपाशी कोण आहे?" उधळ्या पुत्राच्या गोष्टीत डुकरांच्या शेंगांवर तरी पोट भरावं असं वाटणारा धाकटा तर कुणीही सांगेल. बाई म्हणायच्या, "आणि अंगणात उभा असलेला थोरला? तो जेवला का?" आम्ही पुस्तकात बोट घालून शोधायचो. तो जेवल्याचं कुठे लिहिलेलं नाही. बाप त्याला समजवायला बाहेर आलाय, तिथेच गोष्ट थांबते.

मी सातवीत असताना, १९७२-७३ सालची ही हकिकत आहे. दुष्काळ होता. आमचं गाव पारनेर तालुक्यात, जमीन नाही. वडील कोपरगावकडे ऊसतोडीला गेलेले आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडायला. बोर्डिंगमध्ये मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, लालसर भाकरी. त्या घशाखाली उतरत नव्हत्या, पण कुणी ताटात टाकत नव्हतं. त्या दिवसांत बाईंनी द्राक्षमळ्यातल्या कामकऱ्यांची गोष्ट काढली. मत्तयाचा विसावा अध्याय. मळ्याचा धनी दिवस उजाडताच चौकात जातो, एक दिनार, म्हणजे एका दिवसाची मजुरी ठरवून माणसं लावतो. मग नऊ वाजता जातो, बाराला जातो, तीनला जातो. पाच वाजता जातो तेव्हाही काही जण उभेच असतात, त्यांनाही लावतो. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर तोच एक दिनार. सकाळपासूनचे कुरकुरतात, दिवसभर ऊन आम्ही सोसलं, आणि हे तासभर आले.

बाई देवाच्या कृपेबद्दल बोलत होत्या. कृपा मोजूनमापून मिळत नाही, असं काहीतरी. मी उभा राहिलो. हात वर करून परवानगी मागायची असते, ती मागितली नाही. म्हणालो, "बाई, हे बरोबर नाही. माझी आई सकाळपासून खडी फोडते. तिच्या हाताला फोड आलेत. तासभर आलेल्या बाईला तेवढेच पैसे दिले तर ते बरोबर नाही."

वर्ग गप्प. देवाच्या पुस्तकाला कुणी चूक म्हटल्याचं आम्ही ऐकलं नव्हतं. पुढच्या बाकावर आमच्या मंडळीच्या पाळकसाहेबांचा मुलगा होता, त्याने मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं की ते आजही आठवतं. बाई रागावल्या नाहीत. चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. म्हणाल्या, "शनिवारी घरी जाणार ना? ही गोष्ट आईला सांग. जशी आहे तशी, रमाबाईंच्या शब्दांत. आणि ती काय म्हणते ते सोमवारी मला सांग." मग त्यांनी मला त्या खाकी पुस्तकातून तो सगळा भाग वहीत उतरवून घ्यायला लावला. शाळा सुटल्यावर मी त्यांच्या टेबलापाशी उभा राहून लिहीत होतो आणि त्या माझ्या शेजारी वह्या तपासत होत्या.

शनिवारी दुपारच्या एसटीने घरी गेलो. आई दिवेलागणीला आली. केसांत, भुवयांत, पापण्यांवर दगडाची पांढरी पूड. तिने हातपाय धुतले, कामावर मिळालेली सुकडी पदराच्या गाठीतून सोडून माझ्यापुढे ठेवली. ती भाकरी थापत होती आणि मी चिमणीच्या उजेडात वही वाचून दाखवत होतो. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ऐकलेलं वचन ती विसरत नसे. मी वाचायचा थांबलो आणि माझं म्हणणंही सांगून टाकलं. मला वाटलं, आई माझ्या बाजूने बोलेल. तिच्या हातांसाठीच तर मी भांडलो होतो.

आई म्हणाली, "पाच वाजता हुबी व्हती ती मानसं, ती काय म्हन्ली? परत वाच."

मी परत वाचलं. धनी विचारतो, तुम्ही दिवसभर रिकामे का उभे? ते म्हणतात, आम्हांला कुणी कामावर लावलं नाही म्हणून.

"मंग?" आई म्हणाली. "मला बी पैल्या आठ दिसांत कोनी लावलं न्हवतं. मस्टरवर नाव न्हवतं. मुकादमाच्या म्होरं सकाळधरनं हुबी. आज घील, मंग घील. काम करून मानूस दमत न्हाई एवढं हुबं ऱ्हाऊन दमतं, बाबा. अन् त्याच्या घरी बी चूल असंलच की. तासाभराच्या पैशात चूल पेटती का?"

एवढंच बोलली आणि भाकरी उलटली.

सोमवारी मी हे बाईंना सांगितलं. आई बोलली तशाच बोलीत सांगितलं, कारण बाईंनी बजावलं होतं, आईचे शब्द बदलायचे नाहीत. बाईंनी मला वर्गापुढे उभं केलं आणि पुन्हा सांगायला लावलं. मग त्या आपल्या जागेवरून उठल्या आणि सबंध वर्गाला म्हणाल्या, "मुलांनो, ही गोष्ट मी इतकी वर्षं शिकवत आले, पण सकाळच्या माणसांच्या बाजूने शिकवत आले. पाच वाजेपर्यंत उभं राहणं म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. आज मी हे याच्या आईकडून शिकले."

मी पुढे बरीच प्रवचनं ऐकली. मोठमोठ्या विद्वान माणसांची ऐकली. आपण चुकीच्या बाजूने शिकवत होतो असं साठ मुलांपुढे उभं राहून म्हणणारं दुसरं माणूस मला भेटलं नाही. बारा वर्षांचा होतो, पण त्या दिवशी माझी खात्री पटली की देवाला प्रश्न विचारला तर देवाचं काही बिघडत नाही. माझी श्रद्धा आज जी काही आहे ती त्या सोमवारपासून आहे.

त्याच वर्षी कुणीतरी विचारलं होतं, आपण रोज उपासनेत पावसासाठी प्रार्थना करतो, मग पाऊस का येत नाही? बाई म्हणाल्या, "मला ठाऊक नाही." मग त्यांनी सारफथची विधवा सांगितली. एलिया तिच्याकडे आधी पाणी मागतो, मग भाकर मागतो. ती संदेष्ट्यासमोर गोड बोलत बसत नाही. मूठभर पीठ आहे, थोडं तेल आहे, दोन काटक्या गोळा करतेय, मी नि माझा मुलगा एवढं खाऊ आणि मरू, असं सरळ सांगते. बाई म्हणाल्या, प्रार्थना म्हणजे हे. आहे ते खरं सांगायचं. दुसऱ्या दिवसापासून उपासनेत आमची मुलं विहिरींची नावं घेऊन प्रार्थना करायला लागली. कुठली आटली, कुठल्या विहिरीत किती हात पाणी उरलंय.

दहावीनंतर मी डिप्लोमा केला आणि सरकारी नोकरीत कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो. २०१९ मध्ये निवृत्त झालो. मोठा अधिकारी झालो नाही, पण आमच्या वस्तीतून सरकारी मस्टरवर सही करणारा पहिला माणूस मी. ज्या मस्टरवर नाव यावं म्हणून माझी आई आठ दिवस उभी राहिली, त्या मस्टरवर. रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला होता, आणि माझी सुरुवातीची वर्षं नालाबंडिंग आणि पाझर तलावांच्या कामांवर गेली. काम मोजून मजुरी. गँगचं मोजमाप घ्यायचं आणि हजेरीप्रमाणे वाटायचं. नियम म्हणून ते बरोबरच आहे. पण पहार उचलता येत नाही अशा म्हाताऱ्या बायका कामावर यायच्या आणि बांधाच्या कडेला उभ्या राहायच्या. त्या उभ्या दिसल्या की मला पाच वाजले असं वाटायचं. मजुरांना पाणी पाजायला आणि त्यांची तान्ही मुलं सांभाळायला माणसं लावायची तरतूद होती. ती जागा बऱ्याच ठिकाणी मुकादमाच्या नात्यातल्या धडधाकट बाईला जायची. माझ्या कामांवर ती त्या म्हाताऱ्यांना मिळाली. पूर्ण दिवसाची मजुरी. यात मी फार काही केलं असं नाही, पण माझ्या नोकरीतल्या मला आवडलेल्या गोष्टींत ही पहिली आहे.

बाई तेव्हा निवृत्त होऊन मिशन कंपाउंडातल्या त्या दोन खोल्यांत राहत होत्या. मी जाऊन त्यांना हे सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "आणि दगड उचलणाऱ्या बायका काय म्हणाल्या?"

"कुरकुरल्या, बाई."

"मग त्यांचंही ऐक," त्या म्हणाल्या. "त्यांच्याही हाताला फोड आहेत. तू सातवीत विचारलेल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुझ्या आईने दिलं. अर्धं राहिलंय अजून."

ते अर्धं अजून राहिलंच आहे. धनी शेवटच्यांना आधी पैसे देतो, म्हणून पहिल्यांना ते दिसतं. उलट क्रमाने दिले असते तर सकाळचे आपला दिनार घेऊन मुकाट घरी गेले असते. मग त्याने त्यांना ते मुद्दाम का बघायला लावलं? बाईंशी हे बोलायचं होतं. बाईंना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली.

मध्यंतरी नातवाला घेऊन शाळा बघायला आलो होतो. इमारत देखणी झालीय, प्रत्येक वर्गात पडदा आहे, संगणक आहेत, आनंद वाटला. चिंच दिसली नाही. त्या जागी फरशी घालून गाड्या लावायची सोय केलीय. बायबलचा तास आता शाळा भरण्याआधी असतो आणि ज्यांना यायचं ते येतात, असं कळलं. काळ बदलतो, संस्थाचालकांच्या अडचणी मी समजू शकतो. पण आपल्या बोर्डिंगमधली हिंदू, मुसलमान सगळी मुलं त्या तासाला बसायची आणि बाईंना सगळ्यांत अवघड प्रश्न तीच विचारायची, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं. संस्थेने बाईंच्या नावाने निदान एक तास पुन्हा सुरू करावा, तात्पर्य न विचारणारा. त्यासाठी जे लागेल ते द्यायला मी तयार आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं.

१९७३ ला पाऊस चांगला झाला. आम्ही आठवीत होतो आणि बाईंनी बायबलातली रूथची गोष्ट काढली. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला जाते. 'सरवा' शब्दावर शहरातली मुलं अडली. आम्ही खेड्यावरची मुलं एरवी इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसणारी, त्या दिवशी आम्हीच सांगत होतो, कापणी झाल्यावर रानात राहिलेली कणसं म्हणजे सरवा. ती गरिबाने वेचायची, मालकाने हटकायचं नाही. बाईंनी लगेच लेवीय, म्हणजे बायबलातलं नियमांचं पुस्तक काढून दाखवलं की शेताचे कोपरे कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या, असा तिथे नियमच आहे. शहरातल्या एका मुलीने विचारलं, पण तो दिसतो कसा?

बाजरीची कापणी झाल्यावर आई मला भेटायला शाळेत आली. तिने शाळा पहिल्यांदाच पाहिली. फाटकाशी बिचकून उभी होती. मी बाईंना सांगायला धावलो. बाई वर्ग सोडून फाटकापर्यंत आल्या, आईचे दोन्ही हात हातांत घेतले आणि तळवे उलटून पाहिले. मग तिला चिंचेच्या पारावर बसवलं, घरून कपबशीतून चहा आणवला. आईने पदराची गाठ सोडली. ओंजळभर बाजरी होती, कणसं हाताने चोळून काढलेली, थोडा कोंडा अजून तसाच. म्हणाली, "बाईसायेब, सरवा हाय. आपलं रान न्हाई."

बाईंनी ती बाजरी पदरात घेतली. आईला घेऊन तशाच वर्गात आल्या, त्या मुलीला पुढे बोलावलं आणि तिच्या ओंजळीत ओतली.