इंग्लिशच्या बाई आणि त्यांचा ‘कीन’

समितीचा मेसेज आला की शाळेविषयी लिहा, पण शाळा म्हटलं की मला आधी इंग्लिशच्या बाईच आठवतात, बाकीच्या सरांनी प्लीज राग मानू नये.

नववीत एका वाक्यात ‘कीन ऑन क्रिकेट’ आलं. दुसरं कुणी असतं तर ‘उत्सुक’ सांगून पुढे गेलं असतं, बाई थांबल्या. म्हणाल्या, ह्याच स्पेलिंगचा अजून एक कीन आहे, पण दोघांचं नातं काही नाही. उत्सुकवाला जुन्या इंग्रजीतला, मूळ अर्थ शूर, आणि दुसरा आयरिश भाषेतून आलेला, मेलेल्या माणसासाठी त्याचे गुण सांगत सांगत रडणं. तिकडे म्हणे त्यासाठी खास बायका बोलवायचे, पैसे नाहीतर दारू-तंबाखू द्यायचे, आणि पाद्र्यांना ते अजिबात खपायचं नाही. एवढं सांगून बाईंनी चक्क हेल काढून दाखवला! शिपाईमामा नोटिशीची वही घेऊन दारात आले होते, ते वही छातीशी धरून तिथेच उभे, आत यावं की हेडसरांना बोलवावं कळेना. मागून कुणीतरी बोललं, बाई, आमची आत्या पण अशीच रडते, ‘कसा गेलास रे माझ्या राजा’ करत. बाई म्हणाल्या, शाब्बास, तेच हे.

आता मी आयर्लंडमध्येच कॉर्कला असतो, आयटीत, पंधरा जणांची टीम आहे, देवाच्या दयेने बरं चाललंय. इथे जवळच किलक्रीच्या जुन्या मठात आर्ट ओ’लिअरी नावाच्या एका कॅथलिक माणसाची कबर आहे, मुद्दाम जाऊन आलो. तेव्हाच्या कायद्याने कॅथलिक माणसाचा कितीही भारी घोडा प्रोटेस्टंट माणूस पाच पौंडांत मागू शकायचा. ह्याने दिला नाही असं सांगतात, आणि १७७३ मध्ये त्याला गोळी घातली. त्याच्या बायकोचा, आयलीनचा, शोक, म्हणजे बाईंचा तो दुसरा कीनच, अजून लोक वाचतात, त्यात ती त्याचं रक्त ओंजळीने पिते. बाईंना हे सांगायचं राहून गेलं, त्या गेल्या तेव्हा मी इकडेच होतो.

परवा ग्रुपवर नव्या बिल्डिंगचे फोटो बघितले, कॉम्प्युटर लॅब झकास आहे. पण लायब्ररीतली ती जाडी डिक्शनरी, जी उचलायला दोघं लागायचे, ती कुठे दिसली नाही. रद्दीत घातली असेल तर सांगा, मी नवी पाठवतो, फक्त कपाटाला कुलूप लावू नका.