शिन्चूचा जन्मदाखला आणि पुण्यातले टेबल

माझी मुलगी २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तैवानमधील शिन्चू या शहरात जन्मली. तेथील विद्यापीठात मी पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचे संशोधन) करत होते आणि नोकरी लागल्यापासून तैवानच्या राष्ट्रीय आरोग्य विम्यात माझे नाव होते. १ मार्च १९९५ रोजी सुरू झालेल्या या योजनेत तेथील नव्याण्णव टक्क्यांहून अधिक लोक आहेत आणि रहिवासी परवाना असलेल्या परदेशी नोकरदारांनाही ती लागू होते. खिडकीपाशी कार्ड यंत्रात सरकवायचे, ठरलेले थोडे शुल्क भरायचे आणि डॉक्टरांकडे जायचे, इतके ते साधे होते. तेथे जन्मलेल्या परदेशी बाळांना डिसेंबर २०१७ पासून जन्मदिवसापासूनच विमा मिळू लागला होता. त्यामुळे मुलीला पहिल्या आठवड्यात कावीळ झाली, तेव्हा पैशांची चिंता करण्याची वेळ आमच्यावर आली नाही. परिचारिकांनी तिला निळ्या दिव्याखाली ठेवले आणि दर तीन तासांनी माझ्याकडे आणून दिले. त्यांचे उपकार मी कधीही विसरणार नाही.

अडचण सुरू झाली ती कागदांपासून. तैवानमध्ये कुटुंबनोंदणीचे दप्तर फक्त तेथील नागरिकांचे असते. परदेशी बाळाच्या जन्माचा पुरावा म्हणजे रुग्णालयाने दिलेला दाखला, त्याच्यामागे नगरपालिकेची नोंद नाही. हा दाखला भारतात चालायचा, तर त्यावर कोणाचा शिक्का हवा? भारत २००५ पासून हेग अपॉस्टिल करारात, म्हणजे एकाच शिक्क्याने एकमेकांचे सरकारी कागद मान्य करणाऱ्या देशांच्या करारात आहे, पण तैवान त्यात नाही. शिवाय भारताने १९४९ च्या डिसेंबरपासून, तैवानला चीनचाच भाग मानणाऱ्या बीजिंगच्या सरकारला मान्यता दिलेली असल्याने तैवानच्या राजधानीत, तैपेईत, आपला दूतावासही नाही. दूतावासाचे काम १९९५ पासून 'इंडिया-तैपेई असोसिएशन' करते. नाव एखाद्या मंडळासारखे असले, तरी पासपोर्ट, व्हिसा आणि कागदपत्रांचे साक्षांकन ही कामे तेथेच होतात.

मी क्रमाने गेले. प्रथम रुग्णालयाकडून दाखल्याची इंग्रजी प्रत घेतली. त्यात आडनाव आधी छापून आले होते आणि वडिलांचे नाव गाळले होते. आपल्याकडची 'स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव' ही रीत तेथील कारकुनाला माहीत असण्याचे कारण नव्हते. माझा पासपोर्ट समोर ठेवून मी ते दुरुस्त करून घेतले. ज्यांना या वाटेने जायचे आहे, त्यांनी ही दुरुस्ती पहिल्याच खिडकीवर करावी, कारण पुढचा प्रत्येक शिक्का याच अक्षरांवर बसतो. त्यानंतर नोटरी, मग तैवानच्या परराष्ट्र मंत्रालयाचा वाणिज्यदूत विभाग, मग असोसिएशन. हायस्पीड रेल्वेने शिन्चू ते तैपेई अर्ध्या तासाचा प्रवास आहे. बाळ पोटाशी बांधून मी तो चार वेळा केला. अखेर मुलीचा भारतीय पासपोर्ट हाती आला. त्यावर तिचे रहिवासी कार्ड झाले आणि त्यावरून विम्याचे. तोपर्यंत तिच्यावरचे उपचार माझ्या कार्डावर चालू होते.

जुलै २०१९ मध्ये आम्ही पुण्याला परतलो आणि नवऱ्याच्या आरोग्य विम्यात मुलीचे नाव घालण्यासाठी अर्ज केला. विमा कंपनीच्या अर्जात जन्मदेश यादीतून निवडायचा होता. तेथे 'तैवान, चीनचा प्रांत' असे लिहिलेले होते. आंतरराष्ट्रीय मानकाच्या देशसूचीत ते नाव असेच आहे आणि असंख्य संगणकप्रणाली ती सूची जशीच्या तशी उचलतात. दुसरा पर्यायच नसल्याने मी ते निवडले. आठ दिवसांनी कळवण्यात आले की, चीनमधील जन्मदाखल्यावर बीजिंग येथील भारतीय दूतावासाचे साक्षांकन जोडावे. नवजात असताना झालेल्या उपचारांचे कागदही त्याच कारणाने परत आले.

मी कार्यालयात जाऊन समजावले की, तैवानचे रुग्णालय चीनच्या आरोग्य खात्याच्या अखत्यारीत येत नाही, त्याचे दप्तर बीजिंगमध्ये नाही आणि तेथील दूतावास या कागदावर शिक्का मारू शकणार नाही. टेबलावरच्या ताईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मॅडम, मला पटतंय हो, पण सिस्टीम पुढे जातच नाही." मी दोनदा परतले. एका रात्री सार्वभौमत्वाबद्दलचे लांबलचक पत्रही लिहिले आणि सकाळी फाडून टाकले. तैवान देश आहे की नाही, हा प्रश्न त्या टेबलावर सुटण्यासारखा नव्हता, आणि माझ्या कामासाठी तो सुटण्याची गरजही नव्हती.

दुसरे पत्र एका पानाचे केले. त्यात एवढेच लिहिले की, याच दाखल्याच्या आधारे भारत सरकारने या मुलीला पासपोर्ट दिला आहे. त्यावर जन्मस्थान शिन्चू आणि पासपोर्ट दिल्याचे ठिकाण तैपेई असे छापलेले आहे. भारत सरकारला पुरेसा वाटलेला पुरावा कंपनीला अपुरा का वाटतो, हे लेखी कळवावे. सोबत असोसिएशनच्या शिक्क्याची प्रत जोडली आणि पोचपावती घेतली. वरिष्ठांकडे गेलेला तो अर्ज तीन आठवड्यांनी मंजूर झाला. उपचारांचे कागदही त्यांनी ठेवून घेतले. ज्यांच्याकडे असा पासपोर्ट नसेल, त्यांनी काय करायचे, हा विचार मात्र मला अजूनही बेचैन करतो.

याच सुमारास मुलीच्या लसीकरणासाठी बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. तैवानमध्ये मुलांच्या लसींच्या नोंदीसाठी पिवळे कार्ड असते. डॉक्टरांनी ते उलगडले आणि बीसीजी या क्षयरोगाच्या लसीच्या नोंदीवर बोट ठेवले. आपल्याकडे बीसीजी जन्मतः देतात; हिला पाचव्या महिन्यात दिलेली होती. खातरजमा करण्यासाठी त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या संकेतस्थळावर देशोदेशींची लसीकरण वेळापत्रके उघडली. तैवान त्या यादीत नव्हते. १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांतील चीनची जागा तैपेईकडून बीजिंगकडे गेली आणि पुढच्याच वर्षी आरोग्य संघटनेतलीही. २००९ ते २०१६ या काळात 'चायनीज तैपेई' या नावाने तैवानला वार्षिक सभेत निरीक्षक म्हणून बसू दिले, २०१७ पासून तेही बंद झाले. नवजात बालकांना हिपॅटायटिस बीची लस देण्याची देशव्यापी मोहीम ज्या भूमीने १९८४ मध्ये जगात सर्वप्रथम सुरू केली, तिचे वेळापत्रक पुण्यातल्या डॉक्टरांना त्या यादीत सापडू नये, याचे मला फार वाईट वाटले.

डॉक्टरांनी संगणक बाजूला सारला आणि मुलीच्या दंडावरचा बीसीजीचा व्रण पाहिला. मग माझ्याकडून एकेका चिनी ओळीचा अर्थ विचारून घेत त्यांनी सगळे डोस आपल्या फाईलमध्ये उतरवले. कोणतीही लस पुन्हा द्यावी लागली नाही. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस तैवानमध्ये बाराव्या महिन्यात देतात. आपल्या वेळापत्रकाप्रमाणे त्यांनी ती नवव्या महिन्यातच दिली आणि त्याच पिवळ्या कार्डावर, त्या लसीच्या चिनी नावापुढच्या रिकाम्या चौकोनात, तारीख घालून सही केली.