शिकागोत मान वर करून बघायची दोन छतं

मुलांकडे शिकागोला जाऊन आलेली माणसं आता बेळगावात गल्लोगल्ली भेटतात. सगळ्यांच्या फोटोत मिलेनियम पार्कातला तो चकचकीत 'बीन' (घेवड्याच्या दाण्यासारखं शिल्प) असतोच. तिथून थोडंसं चाललं की स्टेट स्ट्रीटवर मेसीज हे जुनं दुकान लागतं, त्यातलं काचेच्या नक्षीचं छत बघायला मात्र फारसं कुणी वळत नाही. 'दुकानात काय बघायचं मेलं?' असं आमची हीसुद्धा म्हणालीच होती.

दुकान म्हणजे अख्खा चौकोन व्यापणारी इमारत. मूळ नाव मार्शल फील्ड्स. २००६ साली नाव बदललं, तरी बाहेरच्या पितळी पाट्यांवर जुनंच आहे. आत एक घोटाळा होतो. इमारतीच्या पोटात उघडे चौक दोन आहेत. उत्तरेकडचा जास्त उंच, त्यावर साधं काचेचं छप्पर. पुष्कळ जण तिथेच वर बघतात आणि 'हेच काय ते' म्हणून निघतात. आपल्याला हवा तो दक्षिणेकडचा, वॉशिंग्टन स्ट्रीटच्या बाजूचा.

खाली उभं राहून निळसर-सोनेरी नक्षी एवढंच कळतं, आणि मान अवघडते. सरकत्या जिन्यानं सरळ पाचव्या मजल्यावर जा, कठड्याशी थांबा. तिथून दिसतं की तो रंग नाही, काचेचे बारीक तुकडे आहेत, सोळा लाखांच्या वर! लुई टिफनी या अमेरिकन काच-कलावंताच्या पन्नासेक कारागिरांनी दीड वर्ष खपून ते बसवले. १९०७ मध्ये छत लोकांसाठी खुलं झालं. टिफनीच्या काचेत धातूंच्या संयुगांमुळे एक झळाळी असते. दोन पावलं सरकलात की निळ्याचा हिरवा होतो, कबुतराच्या मानेवर होतो तसा. सेल्समनची काळजी नको, फक्त बघणारे तिथे रोज येतात. आम्ही तर डॉलरचे रुपये करत बसलो आणि काहीच घेतलं नाही.

मग वॉबॅश हा रस्ता ओलांडून कल्चरल सेंटरला या. ही १८९७ ची जुनी सार्वजनिक लायब्ररी. प्रवेश फुकट. वॉशिंग्टन स्ट्रीटच्या दारानं शिरलात तर संगमरवरी जिना थेट घुमटाखाली नेतो. हाही टिफनीचाच, व्यास ३८ फूट, तुकडे तीसेक हजार, माशाच्या खवल्यांच्या आकाराचे. दुकानातली काच पडलेला उजेड परत फेकते, इथे उजेड काचेतून खाली झिरपतो. मधली कित्येक वर्षं घुमट वरून झाकलेला होता. २००८ च्या दुरुस्तीत आवरण काढलं. म्हणून ढग नसलेला दिवस निवडा, हिवाळ्यात तर दुपारच्या आतच जा. मला विचाराल तर हा घुमट सरस. दुकानातलं छत गिऱ्हाइकाला दिपवायला केलंय, आणि ते लपत नाही.

स्वच्छतागृहं दोन्हीकडे आहेत. गाडी नेऊ नका, पार्किंगला हकनाक पैसे जातात. मेट्रोच्या रेड लाइनचं लेक स्टेशन दुकानाला लागूनच आहे.

पायांत त्राण उरलं तर मिशिगन अव्हेन्यूनं दक्षिणेला आर्ट इन्स्टिट्यूट. १८९२ च्या ऑक्टोबरात आपल्या बेळगावच्या रिसालदार गल्लीत भाटे वकिलांकडे उतरलेले विवेकानंद पुढच्या सप्टेंबरात बोलले ते याच इमारतीत. चित्रकार शागालच्या निळ्या काचेच्या खिडक्याही इथेच. तिकीट महाग आहे, आणि मंगळवार-बुधवार सहसा बंद असतं. निघण्याआधी वेळा बघून घ्या.